रोलर कोस्टर म्हणजे घसरगुंडी नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : बातम्यांतील ‘रोलर कोस्टर’ या शब्दाचा वापर

शेअर बाजार एका दिवसात गडगडला की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘बाजाराची रोलर कोस्टर’ येते. सोने सलग महिनाभर महाग होत गेले तरी ‘सोन्याच्या दराची रोलर कोस्टर राइड’. एखादा संघ ओळीने सामने हरला तरी तेच. चित्रपटाच्या परीक्षणात ‘भावनांची रोलर कोस्टर’ हमखास भेटते. यांतले पहिले तीन वापर सरळ चूक आहेत आणि चौथा वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. शब्द परका आहे अशी ही तक्रार नाही. स्टेशन, टेबल, पेन्शन घेतले तसा हाही घ्यावा. पण घेतलेल्या शब्दाचा अर्थही बरोबर यायला हवा, आणि मथळे लिहिणाऱ्यांच्या घाईत तोच मागे राहतो आहे. रोलर कोस्टर म्हणजे करमणुकीच्या बागेतला, रुळांवरून वरखाली धावणारा पाळणा. त्याचे यंत्र कसे चालते हे एकदा नीट पाहिले, तर शब्द कुठे शोभतो आणि कुठे नाही हे ठरवायला फार कष्ट पडत नाहीत.

आधी नावाकडे पाहू. ‘रोलर’ म्हणजे फिरणारा गोल दांडा किंवा चाक. रोडरोलरमुळे तो शब्द आपल्या ओळखीचा आहे. गोंधळ होतो तो ‘कोस्टर’चा. चहाच्या कपाखाली ठेवायची चकती हाही कोस्टर आणि किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणारे जहाज हाही कोस्टर. आपल्या कोस्टल रोडमधला ‘कोस्ट’ आणि हा ‘कोस्ट’ मुळात एकच. लॅटिनमध्ये ‘कोस्टा’ म्हणजे बरगडी, कूस. त्यावरून फ्रेंचमध्ये बाजू, डोंगराचा उतार आणि समुद्राचा किनारा असे तिन्ही अर्थ आले. मराठीत आपण ‘डोंगराच्या कुशीत’ म्हणतो, तेव्हा शरीराच्या बाजूवरून डोंगराच्या बाजूकडे जाणारी हीच वाट असते. अमेरिकेत बर्फाच्या उतारावरून घसरगाडीवर बसून खाली येण्याला ‘कोस्टिंग’ म्हणू लागले, म्हणजे जोर न लावता केवळ उताराच्या बळावर जाणे. लोकलचा मोटरमन स्टेशन जवळ आले की करंट तोडतो आणि गाडी आपल्या वेगाने नुसती धावू देतो, त्यालाही रेल्वेत कोस्टिंगच म्हणतात. बोरघाटात ट्रक न्यूट्रलमध्ये टाकून उतरवण्याचा जो जीवघेणा प्रकार चालतो, तोही कोस्टिंगच. म्हणून रोलर कोस्टर म्हणजे चाकांवरून, स्वतःचे इंजिन नसताना, उताराच्या जोरावर धावणारी गाडी. शब्दाचा सगळा अर्थ या ‘इंजिन नाही’मध्ये आहे.

नावांची एक गंमत आवर्जून सांगण्याजोगी आहे. हा खेळ रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांवरून आला. लाकडी सांगाडे उभारून त्यावर पाणी ओतून बर्फ धरू देत आणि वरून घसरत खाली येत. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये त्याच धर्तीवर चाकांच्या गाड्या सुरू झाल्या, त्यामुळे फ्रेंच लोक आजही या पाळण्याला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. रशियन लोक मात्र ‘अमेरिकी डोंगर’ म्हणतात. स्वीडिश भाषेत त्याला ‘डोंगरदरीची वाट’ म्हणतात, तर हंगेरियनमध्ये ‘लाटांची रेल्वे’. या दोन्ही नावांत चढही आहे आणि उतारही आहे. एकट्या घसरणीवरून नाव ठेवावे असे त्यांना वाटले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत खास करमणुकीसाठी बांधलेली अशी पहिली यशस्वी गाडी लामार्कस थॉम्प्सन यांनी १६ जून १८८४ रोजी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. एका टोकाच्या मनोऱ्यावर चढायचे, लाटांसारख्या रुळांवरून दुसऱ्या टोकाला जायचे, तिथे गाडी दुसऱ्या रुळावर घ्यायची आणि परत यायचे. नाव होते ‘स्विचबॅक रेल्वे’. आपल्या बोरघाटात एकेकाळी गाडीची दिशा उलटी करून तिला चढवणारे रिव्हर्सिंग स्टेशन होते, त्याच जातीचा हा शब्द.

आता आजची गाडी कशी चालते ते पाहू. फलाटावरून निघालेली गाडी पहिल्या चढाच्या पायथ्याशी साखळीला अडकते. साखळी तिला वर ओढते. तेव्हा जो खडखड आवाज येतो तो साखळीचा नसतो. गाडीच्या पोटाखालचे लोखंडी खिट्टे रुळांमधल्या दात्यांवरून एकेक करत पुढे सरकतात, त्यांचा तो आवाज. साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून ही सोय असते. माथ्यावर साखळी सुटते. त्यानंतर फलाटावर परत येईपर्यंत गाडीला कोणीही ढकलत नाही. उंचीचा वेग होतो आणि वेगाची पुन्हा उंची होते. दहा मजली इमारतीएवढी, म्हणजे सुमारे ३० मीटर उंची एका दमात उतरली, तर घर्षण सोडून हिशेबाने तळाशी ताशी ८७ किलोमीटर वेग मिळतो. गाडीत दोन माणसे बसली काय आणि वीस बसली काय, या हिशेबात वजन येतच नाही.

पण घर्षण सोडून चालत नाही. चाके आणि हवा मिळून प्रत्येक फेऱ्यात थोडी ऊर्जा खातात, म्हणून पुढचा एकही डोंगर पहिल्याएवढा उंच बांधता येत नाही. कोणी बांधलाच तर गाडी अर्ध्या चढावरून उलटी येईल. हल्ली साखळीऐवजी चुंबकाने किंवा दाबाखालच्या तेलाच्या जोराने गाडी भिरकावतात. अबू धाबीच्या एका गाडीला तसा ताशी २४० किलोमीटर वेग दिलेला आहे. नियम तिथेही तोच राहतो : जोर मिळतो तो बहुधा सुरुवातीला, पुढे सगळे त्या शिदोरीवर.

गाडी रुळावरून उडत का नाही, याचे उत्तर चाकांच्या तीन जोड्यांत आहे. एक जोडी रुळाच्या वर धावते, दुसरी बाजूने रूळ धरते आणि तिसरी रुळाच्या खालून असते. या खालच्या चाकांचे पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतले आणि त्यानंतरच गाडी माथ्यावरून झपाट्याने सोडणे शक्य झाले. थांबवण्याचे काम रुळांवरच्या ब्रेकचे. सगळा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो. पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर मागचीला आत सोडत नाहीत. हे ब्रेक रुळावर असतात, गाडीत नसतात. बसलेल्या माणसाच्या हातात आडवी दांडी सोडून काहीही नसते. ना स्टिअरिंग, ना ब्रेक.

आणि या सगळ्यात माणसाला जे होते, त्यासाठी मराठीकडे आधीपासूनच शब्द आहेत. साखळीवर हळूहळू चढताना जीव टांगणीला लागतो. माथा ओलांडताच पोटात गोळा येतो. त्यामागे शरीराचे साधे कारण आहे. आसन खाली निसटते, शरीर त्याच्याबरोबर पडू लागते आणि एरवी पोटातल्या अवयवांना खालून मिळणारा आधार काही क्षण नाहीसा होतो. तळाशी पोचल्यावर उलट घडते, आपलेच वजन दुप्पट-तिप्पट झाल्यासारखे अंगावर येते. गाडी उलटी करणारा गोल वेढा पूर्ण वर्तुळाकार बांधला तर तळाशी वजन सहापट भासेल आणि मानेला ते पेलवणार नाही. म्हणून १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगल यांच्या आराखड्यावरून पाण्याच्या थेंबासारखा, वर अरुंद आणि खाली पसरट वेढा बांधला, आणि तेव्हापासून तोच आकार रूढ झाला. ‘माझ्या मनाची रोलर कोस्टर झाली’ असे लिहिणाऱ्याला खरे तर यांतला एकच क्षण सांगायचा असतो. तो क्षण माथ्यावरचा असेल तर ‘पोटात गोळा आला’ हे जास्त नेमके आहे.

आता बातम्यांकडे वळू. शब्दाची पहिली अट अशी की दिशा अनेकदा बदलायला हवी. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त पडला. सकाळी पडला, मध्ये व्यवहार थांबवले, पुन्हा सुरू झाल्यावर आणखी पडला. याला कोसळणे म्हणतात, आपटी म्हणतात, घसरगुंडीही म्हणता येईल. रोलर कोस्टर म्हणता येत नाही, कारण चढ कुठेच नव्हता. त्याच्या दहाच दिवस आधीचा, १३ मार्चचा दिवस पाहा. उघडताच बाजार दहा टक्के खाली, खालचे सर्किट, म्हणजे घसरणीची ठरलेली मर्यादा, लागून ४५ मिनिटे व्यवहार बंद. नंतर तोच सेन्सेक्स वर वर येत आदल्या दिवसापेक्षा १,३२५ अंक जास्त होऊन बंद झाला. एका दिवसात पाच हजारांहून जास्त अंकांचा पल्ला. तो दिवस रोलर कोस्टरच्या बराच जवळ जातो. (दहा टक्क्यांना व्यवहार थांबवणारे सर्किट हे रुळावरच्या ब्रेकसारखेच आहे. ते गुंतवणूकदाराच्या हातात नसते.)

याहून नेमका नमुना जून २०२४ चा आहे. सोमवारी ३ जूनला सेन्सेक्स २,५०७ अंक वर चढून ७६,४६८ वर गेला. मंगळवारी लोकसभा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी ४,३८९ अंक खाली आला. बुधवारी २,३०३ अंक वर, गुरुवारी आणखी वर, आणि शुक्रवारी ७ जूनला ७६,६९३ वर बंद. पाच दिवस पोटात गोळा, आणि गाडी जवळजवळ त्याच फलाटावर परत. ‘आठवडाभराची रोलर कोस्टर’ हा मथळा तेव्हा शंभर टक्के बरोबर ठरला असता. म्हणून मथळा देण्याआधी त्या दिवसाचा किंवा आठवड्याचा आलेख उघडून पाहावा आणि आलेखाने किती वेळा तोंड फिरवले ते मोजावे. एकदाही नाही तर तेजी किंवा घसरण. एकदा फिरले तर ‘सावरला’ किंवा ‘कलंडला’. दोनदा किंवा जास्त वेळा फिरले, आणि तेही झपाट्याने, तरच रोलर कोस्टर. बंद भाव सुरुवातीच्या जवळ असेल तर शब्द आणखी चपखल. एवढ्या तपासणीला दोन मिनिटे पुरतात.

सोन्याचा भाव महिनाभर चढत असेल तर तो नुसता चढ आहे. मध्ये एखाद दिवस शंभर-दोनशे रुपये उतरले म्हणून त्याची रोलर कोस्टर होत नाही.

क्रिकेटमध्येही हेच. मुंबई इंडियन्स २०२४ च्या आयपीएलमध्ये १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला राहिले, तो हंगाम खडतर होता. २०१५ मध्ये याच संघाने पहिले चारही सामने गमावले आणि शेवटी विजेतेपद मिळवले. ती मुसंडी होती, कारण आलेखाने ठळकपणे एकदाच तोंड फिरवले. रोलर कोस्टर पाहायची तर २९ जून २०२४ चा टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. भारत ३ बाद ३४, मग १७६. दक्षिण आफ्रिका २ बाद १२, मग ३० चेंडूंत ३० धावा हव्यात इतकी मजबूत, आणि शेवटी भारत ७ धावांनी विजयी. एका संध्याकाळी बाजू तीन वेळा पालटली, आणि टीव्हीसमोर बसलेल्याच्या हातात काहीच नव्हते.

हे ‘हातात काहीच नसणे’ ही दुसरी अट आहे, आणि बातम्यांत ती सर्वांत जास्त मोडली जाते. ‘सरकारची रोलर कोस्टर’, ‘मंडळाच्या निर्णयांची रोलर कोस्टर’ असे लिहिले की निर्णय घेणारा माणूस गाडीत बसवलेला प्रवासी होऊन जातो. त्याच्या हाती कळ होती, ती त्याने फिरवली, मग दुसऱ्या दिवशी उलटी फिरवली. याला धरसोड म्हणतात, घूमजाव म्हणतात. हे दोन्ही शब्द जबाबदारी जिथल्या तिथे ठेवतात, रोलर कोस्टर ती पुसून टाकते. परीक्षेची तारीख तीनदा बदलली तर रोलर कोस्टर विद्यार्थ्यांची होते, तारखा बदलणाऱ्यांची नव्हे. वाक्याचा कर्ता कोण, एवढे पाहिले तरी ही चूक टळते.

तिसरी गोष्ट अटीपेक्षा जास्त मनाला लागणारी आहे. रोलर कोस्टर हे मौजेचे यंत्र आहे. लोक तिकीट काढून, रांग लावून त्यात बसतात, आणि उतरल्यावर हसतात. भीती खरी असते पण धोका नगण्य असतो, कारण खालची चाके आणि ब्रेक आपले काम करत असतात. म्हणून रुग्णाच्या प्रकृतीबद्दल, अपघातातल्या जखमींबद्दल, पुरात घर गेलेल्या कुटुंबाबद्दल हा शब्द वापरू नये. आजारी माणसाच्या नातेवाइकाला ‘प्रकृतीत चढउतार सुरू आहेत’ हे वाक्य सहन होते. ‘प्रकृतीची रोलर कोस्टर’ वाचून त्याला काय वाटेल, याचा विचार मथळा लिहिताना व्हायलाच हवा. आत्मकथनात एखादी व्यक्ती स्वतःच्या आजारपणाबद्दल तसे म्हणाली तर तिचे शब्द अवतरणात ठेवावेत. बातमीदाराने आपल्या वाक्यात ते घेऊ नयेत.

मग इतर वेळी काय लिहावे? मराठीत या जागी पुष्कळ शब्द आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी आहे. ‘चढउतार’ हा सर्वांत शांत, कुठेही चालणारा. (‘उतार-चढाव’ ही हिंदीची घडण आहे, ती इथे नको.) ‘भरती-ओहोटी’ ठरलेल्या वेळाने येते, दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, मध्ये सहा तासांहून थोडे जास्त. पावसाळ्यात भरतीच्या वेळा आपण वर्तमानपत्रातच वाचतो. म्हणून ज्याचा अंदाज आधी करता येतो, उदाहरणार्थ सणासुदीच्या बाजारातली गर्दी, तिथे भरती-ओहोटी बसते. कांदा नवे पीक येण्याआधी महागतो आणि ते बाजारात आले की पडतो, आणि लासलगावपासून दादरच्या मंडईपर्यंत हे वर्षानुवर्षे चालू आहे. ते रहाटगाडगे आहे. ‘हेलकावे’ होडीचे, त्यात बुडण्याची भीती असते. ‘हिंदोळे’ झोपाळ्याचे, त्यात नसते. आठवणींचे आणि मनाचे हिंदोळे म्हणूनच गोड वाटतात. ‘फरपट’ माणसांची होते, आणि तिच्यात दुःख आहे.

जत्रेतले पाळणेही मदतीला येतात. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत किंवा गावच्या उरुसात जाणाऱ्या प्रत्येकाला आकाशपाळणा, कोलंबस आणि ड्रॅगन ट्रेन माहीत असतात. दोन टोकांच्या मध्ये त्याच वाटेवरून मागेपुढे झुलणाऱ्या राजकीय निष्ठेला कोलंबसची उपमा रोलर कोस्टरपेक्षा चांगली शोभेल, कारण कोलंबस नेमका तसाच झुलतो. ड्रॅगन ट्रेनला मात्र रोलर कोस्टर म्हणू नये. तिला मोटर असते आणि ती सगळा वेळ गाडी ओढत राहते, तेव्हा त्यात कोस्टिंग कुठे आले?

भावनांच्या रोलर कोस्टरबद्दल एवढेच की परीक्षणात ते लिहिण्याऐवजी प्रेक्षक कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो हे दोन वाक्यांत सांगितले, तर वाचकाला तिकीट काढायचे की नाही हे ठरवता येईल.

राहिले लेखन आणि लिंग. ‘रोलर कोस्टर’ असे दोन शब्द सुटे लिहावेत. ‘कॉस्टर’ लिहू नये. मूळ उच्चारात ओ आहे, आणि ‘कॉस्ट’ लिहिल्यावर वाचक किमतीकडे जातो, विशेषतः अर्थविषयक पानावर. ‘रायड’ नको, ‘राइड’ लिहावे. लिंगाबाबत छापील मजकुरात ‘तो रोलर कोस्टर’ आणि ‘ती रोलर कोस्टर’ दोन्ही दिसतात, कधी कधी एकाच बातमीत. मनात ‘गाडी’ किंवा ‘राइड’ असते म्हणून स्त्रीलिंगच स्वाभाविक आहे : ती रोलर कोस्टर, बाजाराची रोलर कोस्टर. प्रत्यय लावताना रोलर कोस्टरमध्ये बसलो, रोलर कोस्टरवरून उतरलो. ‘रोलर कोस्टर राइड’ ही पुनरुक्ती नाही, कारण रोलर कोस्टर हे यंत्र आणि राइड ही तिच्यातली फेरी. पण मथळ्यात जागा कमी असेल तर ‘राइड’ गाळली तरी अर्थ जात नाही. ‘रोलर कोस्टरसारखी घसरण’ हा प्रयोग मात्र कोणत्याही पानावर येऊ नये.

आपला,
एक मुद्रितशोधक,
दादर, मुंबई